मशीन सुरू करणारी बाई

रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी तनुजा कीबोर्ड उलटा धरून त्याच्या पाठीवर दोन थापा मारायची. कांद्याची सालपटं, मेथीची वाळकी पानं, कधी सोयाबीनचा एखादा चुकार दाणा टेबलावर पडायचा. ते सगळं पदराच्या टोकानं खाली लोटून ती कीबोर्ड सरळ ठेवायची, बटण दाबायची आणि पडदा पुरता उजळेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहायची. तेवढ्या वेळात कोणी हाक मारली तरी ती ओ देत नसे. इंझोरीच्या बायकांना हे ठाऊक होतं. बाईचं मशीन अजून उठून राह्यलं, असं एकमेकींना सांगत त्या दाराशीच टेकायच्या.

मशीन म्हणजे भाजीपाला पिकवणाऱ्या बायकांच्या गटाचा संगणक. गावाबाहेरच्या रस्त्याला टिनाची एक शेड होती. तिथं सकाळी भेंडी, वांगी, मिरची यायची, निवडली जायची, मोजली जायची आणि गाडीत चढून कारंज्याकडे निघायची. शेडला लागून एक खोली होती, तीत हा संगणक. एका संस्थेनं शहरातल्या कचेऱ्यांमधून निघालेली जुनी यंत्रं गोळा करून, त्यांत लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून गावोगाव वाटली, त्यातलंच हे एक. संस्थेकडून आलेल्या मोहनसिंगनं गटातल्या सगळ्या बायकांना समोर बसवून शिकवायला घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी निम्म्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एकटी तनुजाच आली, आणि पुढेही येत राहिली.

मोहनसिंगनं मग तिच्याच हाती सगळं सोपवलं. मशीन एक असलं तरी त्यात प्रत्येकीचं वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड. एकीनं लिहिलेलं दुसरीला पुसता यायचं नाही. पण या सगळ्यांच्या वरचा, नावं घालण्या-काढण्याचा अधिकार मात्र एकटीचा, तनुजाचा. कोणी पासवर्ड विसरली की ती तनुजाच्या दारी यायची. तनुजा हात धुऊन, पदर खोचून, चावी घेऊन निघायची. रस्त्यानं दोघी चालायच्या त्यात तनुजा पुढे असायची.

मेडशीहून लग्न होऊन ती या गावात आली, तेव्हा दहावीचा निकाल लागून फार दिवस झाले नव्हते. पहिली कितीतरी वर्षं ती सोजरबाईची मोठी सून होती, इंद्रभानची बायको होती, पुढे पोरांची आई झाली. तिला तिच्या नावानं हाक मारायचं कारणच कोणाला पडत नव्हतं. मशीन आलं आणि गाव तिला तनुजाबाई म्हणू लागलं. इंद्रभान एकदा हसत म्हणालाही होता की आता मलेच लोक तनुजाबाईचा घरवाला म्हणतात. ते तिनं वरकरणी उडवून लावलं. पण त्या रात्री भाकरी थापताना ती स्वतःशीच हसत होती.

तर अशात धाकट्या दिराचं, विकासचं लग्न झालं. नवरी धनजची. वैभवी नाव. संगणकाची पदवी घेतलेली.

वैभवी आल्या दिवसापासून तनुजाशी फार गोडीनं वागली, आणि खरं तर अडचण तिथूनच सुरू झाली. ती आळशी असती, उलटून बोलणारी असती, तर तनुजाला धरायला काहीतरी मिळालं असतं. ही पोरगी सकाळी आधी उठे, सासूचं पाणी तापवे, थोरल्या जावेला ताई म्हणे. पहिल्यांदा खोलीवर आली तेव्हा कोपऱ्यात उभी राहून मुकाट्यानं बघत होती. तनुजानंच म्हटलं, बस, बघू तुले येते का. वैभवी बसली आणि लिहू लागली. डोळे समोर पडद्यावर, बोटं खाली आपली आपण चाललेली. शेडमधल्या बायका हातातली भेंडी तशीच ठेवून दारात गोळा झाल्या. तनुजा इतकी वर्षं दोन बोटांनी लिहीत होती. एक अक्षर शोधायचं, दाबायचं, वर बघायचं. आजवर त्यात तिला काही कमी वाटलं नव्हतं.

त्या दिवसापासून वैभवीची बोटं तिच्या डोळ्यांत खुपू लागली. तीच बोटं मिरचीचे देठ खुडायची, कणीक मळायची, सासूच्या डोक्याला तेल लावायची. जिथं दिसतील तिथं तनुजा नजर फिरवायची. खोलीवर बायकांचं हसू ऐकू आलं की मोजावं तसं ती ऐकायची: आपण असताना या अशा हसत होत्या का? मशीनवर काही अडलं की बायका आता एक नजर तनुजाकडे टाकून मग वैभवीकडे बघायच्या. ती एक नजर तेवढी तिच्या वाट्याला उरली होती.

मेडशीला भाच्याचं बारसं निघालं, म्हणून तनुजा माहेरी गेली. परत आली तर एसटीतून उतरल्या उतरल्याच गटाची अध्यक्ष गोजराबाई भेटली. गोजराबाई तोंडाची फटकळ, पोटात काही न ठेवणारी. तिनं रस्त्यातच सांगून टाकलं की मी माझा पासवर्ड विसरले होते, तू नव्हती, तर तुझ्या जावेनं मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, मधेच काहीतरी दाबलं आणि मला नवा पासवर्ड घालून दिला.

"जुना इचारला बी नाई त्या मशीननं," गोजराबाई म्हणाली. "घरात अशी चोरीण आनली अन् आमाले सांगतलं नाई वं, तनुजा."

तनुजा हसली. हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. वरचा अधिकार तिचा एकटीचा होता. तिच्या पासवर्डवाचून हे होणं शक्यच नव्हतं, निदान आजवर तिची तशी समजूत होती.

घरी आल्यावर तिनं वैभवीला चुलीपाशी गाठलं आणि उगाच विषय काढावा तसं विचारलं. वैभवीनं काही लपवलं नाही. मशीन सुरू होताना सुरुवातीला एक कळ दाबून धरली की काळ्या पडद्यावर ओळी येतात, तिनं सांगितलं. पहिली साधी ओळ, रोजची. खाली दुरुस्तीची एक ओळ असते. ती निवडली की मशीन कोणालाच काही विचारत नाही, सगळा अधिकार हातात देतं.

"पुढचं दार तुमी मस्त बंद केलं, ताई. पन मागचं सताड उघडं हाय," वैभवी म्हणाली. "कोनाले बी घुसता येते. त्या यादीलेच पासवर्ड लावा लागते. देऊ का लावून?"

"मले येते," तनुजा म्हणाली.

तिला येत नव्हतं. असं काही असतं हेच तिला आत्ता कळत होतं. वैभवीनं मान हलवली आणि पोळी उलटली. त्या साध्या मान हलवण्यात तनुजाला दया दिसली. ती तिथं होती की नव्हती, कोण जाणे. हेव्याला दिसायला फार उजेड लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेड रिकामी झाल्यावर तिनं मोहनसिंगला फोन लावला. मागचं दार बंद करायचं आहे, एवढंच सांगितलं. मोहनसिंगला आनंद झाला. तो म्हणाला की हे मीच तेव्हा करायला हवं होतं, राहून गेलं. त्यानं तिला समजावून सांगितलं. आधी मशीनच्या मुळातल्या मांडणीला, म्हणजे बायोसला, एक पासवर्ड घालायचा, म्हणजे कोणी पेनड्राइव्ह खुपसून त्यावरून मशीन सुरू करणार नाही. ते तिनं केलं. मग सुरुवातीच्या यादीला दुसरा पासवर्ड. त्यासाठी लिहायच्या आज्ञा त्यानं संदेशात पाठवल्या. त्या मशीनवर उघडून जशाच्या तशा उचलून चिकटवायच्या, म्हणजे लिहिताना चूक नको. हातानं टाकायचा तो फक्त पासवर्ड.

तिनं अधिकाराचा आपला जुना पासवर्ड दिला. एकदा दिला की मशीन थोडा वेळ पुन्हा विचारत नाही. तेवढ्यात देवला नावाची गटातली एक बाई उशिरा तोडलेल्या मिरचीचं टोपलं घेऊन आली. वजन आत्ताच लिहून घे, म्हणून अडून बसली. मोहनसिंगला थांबायला सांगून तनुजानं मशीन मराठीवर घेतलं, देवलाचं नाव लिहिलं, वजन लिहिलं आणि तिला वाटेला लावलं. पुन्हा फोन कानाशी धरला. पासवर्ड दोनदा टाका, मोहनसिंग म्हणाला. टाकताना पडद्यावर काहीच उमटणार नाही, ठिपकासुद्धा नाही, घाबरू नका.

तिनं माहेरच्या शेताचं नाव निवडलं. इंझोरीत ते कोणाला माहीत नव्हतं. एक एक कळ शोधून तिनं ते दोनदा टाकलं. पडदा मुका राहिला.

"आता शेवटचं," मोहनसिंग म्हणाला, "साधी ओळ मोकळी सोडायची. संदेशातला खालचा तुकडा तेवढ्यासाठीच आहे. नाहीतर रोज सुरू करतानाही तोच पासवर्ड मागेल, अन् तुम्ही नसलात तर सगळ्या बायका बाहेर बसतील."

तनुजा त्या तुकड्याकडे बघत राहिली. सगळ्या बायका बाहेर बसतील. दारात टेकलेल्या बायका तिला दिसल्या, आणि त्यांच्यात, जरा मागे, रिकाम्या हातांनी उभी असलेली वैभवी.

झालं, असं तिनं फोनवर सांगितलं. तो तुकडा तिनं चिकटवला नव्हता. मोहनसिंग म्हणाला की मी फोनवर आहे तोवर मशीन एकदा बंद करून सुरू करून बघा. पण ते बघायला गेलं असतं तर साधी ओळही बंद आहे हे त्याला कळलं असतं. लाइट गेली, ती खोटंच म्हणाली. फोन ठेवला आणि मशीन बंद करून घरी आली. चालताना तिचं पाऊल हलकं पडत होतं. त्या संध्याकाळी ती वैभवीशी आपणहून बोललीही.

दुसऱ्या दिवशी अमरावतीहून एका खरेदीदार कंपनीची बाई येणार होती. कोणत्या वावरात काय फवारलं, कधी फवारलं, फवारल्यावर किती दिवसांनी माल तोडला, हे ज्यांच्याकडे नीट लिहिलेलं असेल त्यांचाच माल ती घेणार होती. इंझोरीच्या गटाकडे ते होतं. एकूण एक, मशीनमध्ये. तनुजानं चांगलं लुगडं नेसलं. मनात तिनं सगळं आधीच पाहून ठेवलं होतं: पाहुणी बसली आहे, बायका उभ्या आहेत, मशीन पासवर्ड मागतं आणि तो एकट्या तिलाच ठाऊक आहे.

पाहुणी आली. शेड बघून झाली. मग सगळ्या खोलीत आल्या. कीबोर्डाच्या पाठीवर थापा पडल्या, बटण दाबलं गेलं. काळ्या पडद्यावर मशीननं नाव विचारलं, तिनं दिलं. पासवर्ड विचारला. सगळ्यांच्या देखत, सावकाश, तिनं माहेरच्या शेताचं नाव टाकलं.

नाही, म्हणालं मशीन.

बोट चुकलं असेल, म्हणून तिनं पुन्हा टाकलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा प्रत्येक कळ दाबताना तिचे ओठ हलत होते. तिनं कीबोर्डाची वायर काढून परत लावली. काल लाइट गेली होती, त्यानं काही बिघडलं असेल, असं ती कोणालाही न सांगता सांगत राहिली. काल लाइट गेलीच नव्हती, हे शेडमधल्या सगळ्यांना माहीत होतं. पाहुणीनं घड्याळ बघितलं आणि नम्रपणे सांगितलं की मला मेडशीलाही जायचं आहे, तिथलाही एक गट आहे.

"कोनाले तरी इचार वं माय," गोजराबाई म्हणाली. कोणाला, ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. वैभवी चहाची किटली घेऊन दारात उभी होती.

तनुजानं मान वळवली नाही. तिला आत्ता या क्षणी मशीन जळून गेलं तरी चाललं असतं. जळालं असतं तर तो कोणाचाच दोष नसता, आणि कोणी ते चालू करून दाखवू शकलं नसतं. माल जाईल तर जावो, असाही एक विचार तिच्या मनात येऊन गेला. मग तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या देवलाचा श्वास तिला ऐकू आला. देवलानं या पाहुणीच्या भरवशावर यंदा सगळ्या वावरात मिरचीच लावली होती.

"वैभवी," तनुजा म्हणाली. "इकडे ये."

वैभवी आली. किटली खाली ठेवली. खुर्चीवर बसली नाही, बाजूला वाकून उभी राहिली आणि काल कसं कसं केलं ते हळू आवाजात विचारून घेतलं. तनुजा तुटक तुटक सांगत गेली. देवलाचं टोपलं आलं तिथं वैभवी थांबली.

"ताई, पासवर्ड टाकला तवा वरतं मराठीच चालू राह्यलं काय?"

तनुजाच्या ध्यानात आलं. देवलाचं नाव लिहिल्यावर तिनं मशीन परत इंग्रजीवर आणलंच नव्हतं. तिची बोटं इंग्रजी अक्षरं दाबत होती आणि मशीन ती मराठी म्हणून ऐकत होतं. पडद्यावर काही उमटत नव्हतं, मग कळणार कसं?

"उठता उठता त्याले मराठी समजत नाई," वैभवी म्हणाली. "तवा फक्त इंग्रजी येते. म्हनून कितीक बी टाकलं तरी जुळनार नाई."

"आपलं उलटं हाय," गोजराबाई म्हणाली. "आपल्याले उठल्याबरोबर मराठीच सुचते, थे बी शिव्या."

बायका हसल्या, पाहुणीही हसली आणि पुन्हा टेकून बसली. तनुजाला त्या हसण्यात सामील होता आलं नाही.

उपाय होता. वैभवीच्या कपाटात पेनड्राइव्ह होता, त्यात चालतं-बोलतं लिनक्स होतं. त्यावरून मशीन सुरू करायचं आणि कालच्या आज्ञांनी आत तयार झालेली पासवर्डाची फाइल बदलायची. पण पेनड्राइव्हवरून मशीन सुरू व्हायला मुळातला पासवर्ड लागणार होता, आणि तो तनुजाकडे होता. तो मात्र सुरुवातीच्याच पडद्यावर टाकलेला, इंग्रजीतच पडलेला. वैभवी घरी पळत जाऊन पेनड्राइव्ह घेऊन आली. पासवर्डाची वेळ आली तेव्हा तनुजानं कीबोर्डावर पदर आडवा धरला. तसं करायची काही गरज नव्हती. वैभवी भिंतीकडे तोंड करून उभी होती, पडद्याकडे, कीबोर्डाकडे, कशाकडेच बघत नव्हती. पदराखाली कळा दाबताना तनुजाला वाटलं, हिनं निदान एकदा तरी चोरून बघावं.

मग वैभवी खुर्चीवर बसली. बोटं चालली. पेनड्राइव्हवरच्या लिनक्समधून तिनं मशीनच्या पोटातली फाइल उघडली आणि वाचली. वाचता वाचता तिची बोटं एका जागी थांबली. तनुजाला कळलं की आता तिला दिसलं. एक तुकडा नव्हता, आणि तो चुकून राहिलेला नव्हता. तिला रोज सकाळी दाराबाहेर ठेवण्यासाठीच तो सोडला होता, हे समजण्याइतकी ती हुशार होती. मागे बायका उभ्या होत्या. एक वाक्य बोलायचा अवकाश होता.

वैभवीनं तिच्याकडे तोंड केलं. दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही एवढ्याच आवाजात तिनं विचारलं, "साधी ओळ मोकळी ठेवू, का बंदच राहू देऊ?"

तनुजाला तिचा संताप आला. बोटं हिचीच, शिक्षण हिचंच, आणि आता मोठेपणाही हिनंच घ्यावा? आपल्याला देऊन देऊन हिनं काय दिलं, तर हे विचारणं. 'बंदच राहू दे' म्हटलं असतं तर वैभवीनं तसंही केलं असतं, आणि ते कधीच कोणाला सांगितलं नसतं. ते तर आणखीच वाईट झालं असतं.

"मोकळी ठेव," ती म्हणाली.

वैभवीनं तसं केलं. दुरुस्तीची ओळ तेवढी बंद ठेवली, आणि नवा पासवर्ड टाकायच्या जागी येऊन ती उठून उभी राहिली. "हे तुमी टाका. तवर मी चहा गाळतो," असं म्हणून किटली घेऊन बाहेर गेली. तनुजानं आधी वर बघितलं, इंग्रजी आहे ना. मग माहेरच्या शेताचं नाव दोनदा टाकलं. मशीन बंद करून सुरू केलं. साध्या ओळीवरून ते काही न विचारता मुकाट्यानं उठलं. पाहुणीनं फवारणीच्या नोंदी बघितल्या आणि दोन वावरं पाहून मिरचीचं नक्की केलं. देवला रडली. चहा सगळ्यांना मिळाला.

घरी सोजरबाईनं धाकट्या सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. बातमी दोघींच्या आधी घरी पोचली होती. वैभवी म्हणाली की नाही आत्याबाई, मुळातला पासवर्ड ताईंचा नसता तर माझ्यानं काहीच झालं नसतं. ते खरंच होतं. तनुजानं ते ऐकलं आणि ताटातली भाकरी मोडत राहिली. आता हिच्याबद्दल एक वाईट शब्द बोलायलाही जागा उरली नव्हती. त्या घरात एवढं एकटं तिला लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांतही वाटलं नव्हतं.

त्यानंतर पाळ्या लागल्या. ज्या बाईची तोडणी नसेल तिनं सकाळी मशीन सुरू करायचं, असं गटानं ठरवलं. ठरवताना गोजराबाईनं तनुजाकडे पाहिलं होतं, आणि तनुजानंच आधी हात वर केला होता. पासवर्ड विसरलेल्या बायका अजून तिच्याकडेच येत, हे खरं. पण दारात टेकून वाट बघणं संपलं होतं.

तोडणीचा तिचा पहिला वार आला. उजाडता उजाडता ती आणि गोजराबाई वावरात उतरल्या. भेंडीची लव हाताला टोचत होती. बांधावरून पलीकडे शेडचं टिन दिसत होतं, त्याला लागून खोली, खोलीचं दार उघडलेलं. कोणीतरी आत होतं. कोण, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. तनुजा कमरेवर हात ठेवून तिकडे बघत राहिली.

गोजराबाईनंही तिकडे पाहिलं. "आज कोनं चालू केलं वं मशीन?"

"केलं असन कोनं बी," तनुजा म्हणाली. "तुमी त्या तासाले लागा, मी इकून तोडत येतो. ऊन चढ्याच्या आंधी भेंडी झाली पायजे."